गोंधळ आला कुठून? नाचाच्या आधीचं आवतण

प्रश्न थोडक्यात असा: मुलाचं लग्न झालं, आता घरी गोंधळ घालायचा आहे. घरातली तरुण मंडळी विचारतात की हे मूळचं काय, किती जुनं, आणि गॅदरिंगला कवड्यांच्या माळा घालून पोरं नाचतात तोच गोंधळ का? मग रात्रभर गोंधळी बसवण्यापेक्षा स्पीकरवर चार गाणी लावून नाचलं तर काय बिघडतं?

आम्ही गोंधळी. आमच्या घरात संबळ, म्हणजे गोंधळात वाजतं ते चर्मवाद्य, वाडवडिलांपासून आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दर लगीनसराईत कुणी ना कुणी विचारतंच. जरा ऐसपैस लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण मूळ तिथेच आहे. स्पीकरवर नाचलात तर काही बिघडत नाही. हौस म्हणून जरूर नाचा. पण तो गोंधळ नव्हे. गोंधळ हा कुळधर्म आहे. घरात लग्न, मुंज, जावळ असं मंगल कार्य पार पडलं किंवा नवस फळला, की कुलदेवतेला घरी बोलवायचं, तिच्यापुढे रात्र जागवायची आणि ‘तुझ्या कृपेनं झालं’ हे तिच्या कानावर घालायचं. देशस्थांकडे, मराठ्यांकडे आणि देशावरच्या इतर कितीतरी जातींत ही रीत आहे. कोकणस्थांकडे त्या जागी बोडण हा देवीचा कुळाचार असतो. संबळ, दिवटी म्हणजे हातातली मशाल, नाच, आख्यान हे सगळं त्या बोलावण्याच्या पोटी आलं. म्हणून गोंधळाचं मूळ शोधायचं तर पायांकडे नंतर बघा, आधी चौकाकडे बघा.

चौक कसा मांडतात ते सांगतो. पाटावर किंवा चौरंगावर कोरा खण अंथरायचा. त्यावर तांदळाचा, काही घरांत गव्हाचा, चौक भरायचा. मधोमध तांब्याचा कलश, आत पाणी, सुपारी, नाणं, तोंडाशी विड्याची पानं आणि वर नारळ. भोवती पानांवर सुपारी, खारीक, हळकुंड, बदाम. चौकावर उसाची नाहीतर ज्वारीची पाच ताटं उभी करून शेंडे एकत्र बांधतात आणि त्यातून फुलांची माळ बरोबर कलशावर सोडतात. कुणाच्या घरी टाक, म्हणजे देवाचा धातूच्या पत्र्यावरचा ठसा, ठेवतात, कुणाच्या घरी देवीची तसबीर. घराघराची रीत थोडी वेगळी, आणि यजमानीणबाईंच्या सासूबाई हयात असतील तर त्यांचं म्हणणं शेवटचं!

आता या मांडणीत काय दिसतं बघा. धान्य, पाणी, शेतातलं उभं पीक. देवी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आठ हात आणि सिंह येतो, पण चौकात बसते ती भुईची देवी, पीक देणारी आणि मूल देणारी. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी रेणुका-यल्लम्मेचा धागा वारुळाच्या आणि भूमीच्या पूजेशी नेऊन भिडवला आहे, तो मला चौक भरताना दर वेळी पटतो. नव्या जोडप्यापुढे धान्याचा चौक का भरायचा, हे मग कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

चौक झाला की दिवटी पेटते. बुधलीतून तिच्यावर तेल सोडत राहायचं, ती रात्रभर विझू द्यायची नाही. मग गण, म्हणजे गणपतीला नमन, होतो आणि त्यानंतर येतं ते आवाहन. माझ्या मते अख्ख्या गोंधळात सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि हल्ली सगळ्यात आधी कात्री लागते तीही त्यालाच. नाईक, म्हणजे आमचा मुख्य गाणारा, एकेका देवाला गावाच्या नावानिशी हाक मारतो. तुळजापूरच्या भवानी आई, गोंधळाला या. माहूरच्या रेणुके, गोंधळाला या. कोल्हापूरच्या अंबाबाई, सप्तशृंगीच्या जगदंबे, अंबाजोगाईच्या योगेश्वरी, औंधच्या यमाई, जेजुरीच्या खंडेराया, शिंगणापूरच्या महादेवा, पंढरीच्या विठुराया. मग गावचा मारुती, वेशीवरची मरीआई, शेताच्या बांधावरचा म्हसोबा, घराण्याचे मूळपुरुष. बाकीचे झील धरतात, म्हणजे हाक संपते तिथे वरच्या पट्टीत ध्रुवपद उचलतात.

यात थोरला देव, धाकटा देव असा भेद नसतो. शैव, वैष्णव, शाक्त, गावकुसाबाहेरचे, सगळ्यांना एकच आवतण. ज्या काळी नकाशा कुणी पाहिला नव्हता, त्या काळी मुलखाची ओळख माणसाला इथे होत होती. कोकणातून देशावर आलेल्या किंवा दुष्काळात गाव सोडलेल्या घराचं मूळ गाव कुणाच्या लक्षात नसेल, पण गोंधळाच्या आवाहनात त्या गावच्या देवाचं नाव टिकून राहिलेलं असतं. आमच्याकडे यजमान घराण्यांची ही नावं तोंडपाठ ठेवणं हा शिक्षणाचाच भाग होता.

आता वाद्यं. संबळ म्हणजे दोन चर्मवाद्यांची जोडी, एक चढ्या आवाजाचं आणि एक खर्जाचं. कमरेला बांधून दोन काड्यांनी वाजवायचं. एका काडीचं टोक वाकवलेलं असतं, ती खर्जाच्या बाजूवर घुमारा काढते. तुणतुणं म्हणजे लाकडी नळा, तळाला चामडं, बाजूला काठी आणि एकच तार. ते सूरही धरतं आणि लयही. तिसरी झांज. एवढ्यावर उघड्या अंगणात दीड-दोनशे माणसं रात्रभर जागी ठेवायची असतात. पुष्कळ पदं सहा मात्रांच्या झोकावर चालतात आणि देवीचा उदो सुरू झाला की लय चढत जाते.

नाच या वाद्यांतूनच घडला. कमरेला संबळ बांधलेलं, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं, तिसऱ्याच्या हातात पेटती दिवटी. अशा माणसाला कंबर लचकवायला आणि हात फेकायला वावच नाही. म्हणून गोंधळ्याचा नाच गुडघ्याखालचा: चाळ बांधलेल्या पायांचे आखूड ठेके, चौकाला पाठ न दाखवता पुढे-मागे होणं, आणि लय चढली की गिरकी. गिरकीत अंगरख्याचा घोळ फुलतो, तो बघणाऱ्याला दिसतो. वाजवणाऱ्याचं लक्ष मात्र संबळाची गाठ सैल होत नाही ना याच्यावर असतं. स्टेजवर हवेत उड्या मारणारे, कमरेवर हात ठेवून झुलणारे ‘गोंधळी’ दिसले, की त्यांच्या कमरेचं संबळ पुठ्ठ्याचं आहे हे ओळखावं.

किती जुना, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक आमच्यात सांगतात ते. परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या शिराला त्याच्याच शिरा ताणून वाद्य केलं, ते वाजवत तो माहूरला आई रेणुकेपुढे आला आणि तिला वंदन केलं. तोच पहिला गोंधळ, आणि तेच पहिलं तुणतुणं. म्हणून परशुराम आमचा आद्य गोंधळी.

दुसरं ग्रंथांतलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण, आमच्या तुळजापूरपासून फार लांब नाही. त्या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकरात याच प्रकाराचं वर्णन केलं. काकतीयांचा सेनापती जायप यानं तर नृत्तरत्नावलीत त्याची कथाच दिली: कल्याणात भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेशात गात-नाचत असलेली एक स्त्री सोमेश्वरानं पाहिली, ते त्याला भावलं आणि त्यानं या नाचाला दरबारी बांधणी दिली. महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडिणी म्हणतात म्हणून नाव गोंडली, असंही तो सांगतो. ढेऱ्यांसारख्या अभ्यासकांनी गोंधळाचा माग या गोंडलीपर्यंत नेला.

माझं मत विचाराल तर हा धागा मी मानतो, पण अर्धाच. तो नाच बाईचा, हा पुरुषांचा. तो उत्सवात पाहिलेला आणि दरबारात सजलेला, हा अंगणात चौकापुढे. सरळ वंशावळ लावू नये. मात्र दोन गोष्टी जुळतात. मातृदेवतेचा उत्सव हा दोन्हीकडचा प्रसंग आहे, आणि नाचाचं मूळ रानातल्या माणसांत आहे हे राजदरबारातला ग्रंथकार स्वतः कबूल करतो. आमची जमात आज भटक्या जमातींच्या यादीत आहे. शास्त्रकारांनी नाच उचलला, नाचणारे मात्र शतकानुशतकं वेशीबाहेरच पाल ठोकून राहिले. ‘सांस्कृतिक वारसा’ म्हणून भाषणं होतात तेव्हा हेही कुणी तरी बोलावं असं वाटतं.

आता आख्यान. आवाहन आणि देवीची पदं झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला नाईक कथा लावतो. साथीदार मध्ये मध्ये आडवे प्रश्न विचारून हसवतो, यजमानाचीही फिरकी घेतो, आणि तेवढ्यात पेंगणारे सावरून बसतात. हरिश्चंद्र, रेणुका, महाभारतातल्या कथा अशी पुष्कळ आख्यानं आहेत, पण गोंधळ्याचं म्हणून जे ओळखलं जातं ते जांभूळ आख्यान. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या जाणत्यांनी असं आख्यानाचं गोंधळ-गाणं राखलं, आणि शाहीर विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान नाटकाच्या रंगमंचावर नेऊन शहरातल्या माणसालाही दाखवलं.

कथा अशी: द्रौपदी कर्णाला बघते आणि तिच्या मनात येतं, हा सहावा असता तर! कृष्णाला हे कळतं. तो पांडवांना आणि तिला वनात नेतो. तिथे झाडावर एकच जांभूळ. ते तोडलं जातं आणि मग कळतं की ते एका तपस्व्याचं, दिवसाकाठचं तेवढंच अन्न. तो उठायच्या आत जांभूळ देठाला लागलं नाही तर शाप ठरलेला. उपाय एकच, प्रत्येकानं मनातलं खरं बोलायचं. एकेक पांडव खरं बोलतो, जांभूळ थोडं थोडं वर चढतं. द्रौपदीची पाळी येते. ती पाच पतींची नावं घेते आणि जांभूळ अडतं. शेवटी ती कर्णाचं नाव घेते, तेव्हा ते देठाला जाऊन लागतं. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, गाभा हाच.

हे नव्या नवरानवरीपुढे, सासूसासऱ्यांच्या समोर का सांगायचं? व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही, म्हणजे आमच्या लोकांनी ती मुद्दाम घडवली आणि जपली. मला त्याचं उत्तर ज्या देवीपुढे ती सांगतात तिच्यातच दिसतं. रेणुकेची कथा आठवा. नदीवर तिनं जलक्रीडा करणारा गंधर्व पाहिला, क्षणभर मन ढळलं, जमदग्नीनं ओळखलं आणि पोराकडून तिचं शिर उतरवलं. द्रौपदीच्या बाबतीत गुन्हा तोच, मनात आलेला एक विचार. पण इथे कुऱ्हाड नाही. तिनं खरं सांगितलं आणि सगळे वाचले. म्हणजे जिला मनातल्या विचारासाठी मारलं, तिच्याच चौकापुढे दर लग्नानंतर अशी कथा लावायची की त्यात तशाच बाईची सुटका होते. माझ्या आजोबांना हे असं मांडून सांगता आलं नसतं, पण रेणुकेचं आख्यान लावलं त्या रात्री शक्यतो जांभूळ आख्यानही ते लावायचेच. पुराणात जे राहून गेलं ते लोकांनी अंगणात पुरं केलं असं मी समजतो. गोंधळाचं सांस्कृतिक मूळ म्हणतात ते मला वयाच्या सनावळीपेक्षा इथे जास्त सापडतं.

पोवाड्याशीही गोंधळ्याचं जवळचं नातं आहे. अफझलखानाच्या वधावरचा (१६५९) अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात, आणि त्याची सुरुवातही गण आणि शारदा यांना नमन करूनच होते, आमच्या चौकात होते तशी. पुढे १८९१ मध्ये ॲक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला, तेव्हा ते गाणारे बहुतकरून गोंधळीच होते. रात्र मोठी असायची आणि यजमानाच्या घराण्यात कुणी लढाईत पडलेला असला की त्याचाही पोवाडा व्हायचा. तमाशातला गण, तुणतुणं आणि झील धरणारे हेही याच अंगणातून तिकडे गेले असं मला वाटतं. संतांनी तर देवीचं हे सगळं उचलून वारकरी विचाराला जोडलं. एकनाथांचा जोगवा ऐका: महिषासुर तिथे मोहाचा झाला आहे.

मुलांना हमखास आवडेल अशी गोष्ट म्हणजे करपल्लवी. पाहुण्यांपैकी कुणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो, तो दुरूनच हातांच्या खुणा करतो आणि दुसरा ते नाव मोठ्यानं सांगतो. यात अंगात-बिंगात काही येत नाही, ती बाराखडी आहे. चालत आलेली एक रीत अशी: हाताचा सापाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टणत्कार म्हणजे ट-वर्ग, झाड म्हणजे त-वर्ग, पालवी म्हणजे प-वर्ग. वर्ग दाखवला की बोटांनी त्यातलं कितवं अक्षर ते सांगायचं, आणि मात्रा चुटक्यांनी. ‘कपट’ हा शब्द घ्या: कमळ आणि एक बोट, पालवी आणि एक बोट, टणत्कार आणि एक बोट. सोपं वाटतं, पण हे दिवटीच्या हलत्या उजेडात, संबळाची लय न सोडता, बघणाऱ्याला कळू न देता करायचं असतं. पूर्वी ही विद्या बाहेर सांगत नसत. आता सांगायलाच हवी, नाहीतर आमच्याच पोरांबरोबर संपेल.

एक गल्लत टाळा. देवीची गाणी म्हणणारे सगळे गोंधळी नसतात. चौंडकं हे वाद्य घेऊन येणारे जोगती यल्लम्मेचे, कडकलक्ष्मीचा गाडा घेऊन स्वतःवर आसूड ओढतो तो पोतराज मरीआईचा, वाघ्या-मुरळी खंडोबाचे, आणि अंगावर तेलकट कपडे, गळ्यात कवड्या, हातात पोत, म्हणजे कापडाचा पेटता पिळा, घेतलेला भुत्या भवानीचा. आराधी मंडळी आणखी वेगळी. गोंधळ्यांतही कदमराई तुळजाभवानीचे आणि रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकातही गोंधळी आहेत, ते कानडीत गातात आणि बोलावतात मात्र याच देवींना. गॅदरिंगच्या नाचात बऱ्याचदा जोगत्याचं गाणं, पोतराजाचा आसूड आणि गोंधळ्याची माळ असा एकत्र काला असतो. नाच म्हणून तो वाईट नसतो. शाळेच्या बाईंनी त्याला ‘गोंधळनृत्य’ म्हणण्याआधी एकदा गोंधळ बघितलेला असावा, इतकीच अपेक्षा.

रात्रभर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मंगल कार्यालय रात्री ठरावीक वेळेला रिकामं करावं लागतं, शेजारी तक्रार करतात, पाहुण्यांना सकाळी कामावर जायचं असतं. आम्हीही आता तीन तासांत गोंधळ बसवतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचं माझं गणित सरळ आहे. पदं कमी करा, विनोद आटोपता घ्या, आख्यानाचा एकच प्रसंग लावा. चौक, दिवटी, आवाहन आणि शेवटची आरती यांना हात लावू नका. आरतीच्या वेळी दिवटी यजमानाच्या हातात देतात आणि नवराबायकोला चौकाभोवती पाच पावलं चालवतात, ‘आई राजा उदो उदो’ म्हणत. तुमच्या घरातल्या तरुणांना नाचायचंच असेल तर ती जागा खरी. तिथे संबळावर मनसोक्त नाचू द्या, आम्ही लय वाढवतो.

तुमच्याकडून दोन कामं आधी झालेली बरी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून कुलदैवत, मूळ गाव, त्या गावची ग्रामदेवता, आणि सुनेच्या माहेरची देवी ही नावं कागदावर लिहून नाईकाला आदल्या दिवशी द्या. सुनेच्या माहेरची देवी पूर्वी बोलवत नसत, हल्ली मी आग्रहानं विचारतो आणि आजवर कुठल्या सासूबाईंनी नाही म्हटलेलं नाही. दुसरं, गोंधळ कार्यालयात असेल तर दिवटीला परवानगी आहे का ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. बऱ्याच हॉलमध्ये छताला धुराचे सेन्सर असतात. तसं असेल तर चौक पार्किंगच्या बाजूला, मोकळ्यावर मांडायला सांगा आणि वाळूची एक बादली जवळ ठेवा.